रस्ता विचारत जाण्याचे दिवस

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी 58 वर्षांचा आहे. 1990 साली, तेविसाव्या वर्षी, मी आणि माझा मित्र मोटारसायकलवर 26 दिवस फिरलो. पाठीवर सॅक, घडीचा एक नकाशा, 36 फोटोंचे दोन रोल आणि एक डायरी. उद्या कुठं मुक्काम, हे आज माहीत नसायचं. एका रात्री वाट चुकलो, गाडी बंद पडली आणि एका अनोळखी कुटुंबानं आम्हाला घरात घेतलं. ती रात्र मला आजही पुरते. घरी दोन पत्रं टाकली होती, त्यातलं दुसरं आम्ही परतल्यानंतर पोचलं. त्यावर घरात अजून हसतात, 84 वर्षांची आईसुद्धा. आता माझी मुलगी, वय 23, मैत्रिणीबरोबर सॅक घेऊन सहा आठवड्यांसाठी निघाली आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या मुक्कामांचं बुकिंग झालंय. तिचं लोकेशन तिच्या आईला रात्रंदिवस दिसणार आहे. मी माझा नकाशा आणि डायरी तिला दिली. तिनं नकाशाचा फोनवर फोटो काढला आणि तो मला परत केला. मी म्हणालो, याला फिरणं म्हणत नाहीत, निदान पहिला आठवडा तरी फोन घरी ठेवून जा. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बायको अजून धुसफुसते आहे. मागच्या वर्षी मी त्याच मित्राबरोबर त्याच रस्त्यानं गेलो होतो. रस्ता रुंद झालाय, फोन वळणं सांगतो, मित्र मागं बसून मेसेज वाचत होता. मला काहीच वाटलं नाही. आमच्या वेळचं फिरणं खरंच संपलं का, की मीच म्हातारा झालो? आणि मुलीला त्यातलं थोडं तरी मिळावं म्हणून मी काय करू?

नमस्कार,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. ते कोणतं, हे पुढं सांगते. आधी नकाशाचं.

घड्यांवर विरलेला पस्तीस वर्षांचा कागद सहा आठवडे सॅकमध्ये टिकणार नाही. एका पावसात त्याचा लगदा होईल. मुलीनं त्याचा फोटो काढला आणि मूळ नकाशा तुमच्याकडे सुखरूप परत दिला. तुम्हाला तो नकार वाटला. मला वाटतं, तिनं तो तिच्या पद्धतीनं बरोबर घेतला. आणि डायरीचं तिनं काय केलं, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. म्हणजे ती अजून तिच्याकडेच आहे ना?

आता तुमचा मोठा प्रश्न. हो, काहीतरी खरंच संपलंय, आणि त्याला तारखाही आहेत. नव्वदच्या दशकात जीपीएसचे उपग्रह आकाशात होते, पण सामान्य माणसाला मिळणारा संकेत बहुतेक काळ मुद्दाम अस्पष्ट ठेवलेला असे. जागा सांगण्यात शंभर मीटरपर्यंत चूक व्हायची. अमेरिकेनं 2 मे 2000 रोजी ही अस्पष्टता काढून टाकली. 2005 मध्ये गूगल मॅप्स आलं, 2007 मध्ये आयफोन. सात वर्षांत एवढं झालं. त्याआधीच्या सगळ्या पिढ्या अनोळखी मुलखात गेल्या की माणसांना रस्ता विचारत होत्या. ती गरज आपल्या डोळ्यांदेखत गेली. तुम्ही दोन्ही काळ अनुभवलेत, तेव्हा जीव हळहळला तर त्यात म्हातारपण कुठून आलं?

पण हरवलं ते नेमकं काय, याबद्दल माझं मत तुमच्याहून थोडं वेगळं आहे.

मुलीला देण्याआधी तुम्ही ती डायरी पुन्हा वाचलीत का? विचारते आहे, कारण त्या त्या दिवशी लिहिलेलं आणि नंतर आठवणारं यांत बरंच अंतर पडतं. 1997 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात कॅलिफोर्नियात तीन आठवडे सायकलवर फिरणाऱ्या विद्यार्थ्यांना निघण्याआधी, वाटेत आणि परतल्यावर तेच प्रश्न विचारले होते. वाटेत असताना ती मुलं पावसानं, थकव्यानं वैतागलेली होती. परतल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या आठवणीतला प्रवास त्यांनी वाटेत सांगितला होता त्याहून कितीतरी सुंदर झाला होता. तुमच्या डायरीतही ओल्या बुटांचं, पंक्चरचं, मित्राशी धरलेल्या अबोल्याचं एखादं पान असणार. मुलगी ते वाचत असेल तर वाचू द्या. तुम्ही तिला जे तोंडी सांगता, त्यापेक्षा ते पान तिच्या जास्त उपयोगाचं आहे. त्रास झाला तरी प्रवास फसला असं होत नाही, हे तिला त्या पानावरून कळेल.

आणखी एक. तुम्ही 1990 मध्ये निघालात तेव्हाही कुणीतरी म्हणत होतंच की खरं फिरणं संपलं. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातले हजारो तरुण इस्तंबूलहून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असं जमिनीवरून भारतात आणि काठमांडूपर्यंत येत. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली, डिसेंबरमध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि ती वाट बंद झाली. त्या वाटेनं आलेल्यांच्या दृष्टीनं तुमचा प्रवास उशिराचाच होता. पण तुमची ती रात्र त्यामुळे कमी झाली नाही.

त्या रात्रीकडेच पाहू. नकाशा तुमच्याकडे होता, तरी वाट चुकली. म्हणजे त्या रात्री नकाशाचा काही उपयोग झाला नाही. गाडी बंद पडली, तुम्ही एका दारावर थाप मारलीत, कारण दुसरा इलाज नव्हता. आतल्या माणसांनी रात्रीच्या वेळी दोन परक्या तरुणांवर विश्वास ठेवला. तुम्ही मागितलंत, त्यांनी दिलं, आणि त्याची परतफेड करायची काही सोय नव्हती. माझ्या मते तुमचा जीव अडकलाय तो यात. फोननं आपलं वाट चुकणं कमी केलं हे खरं, पण त्याहून जास्त आपलं मागणं कमी केलं. आता कुणाचे उपकार न घेता सहा आठवडे काढता येतात. यात सोय आहे, आणि फार मोठा तोटाही आहे. इथं मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे.

मात्र तुम्ही दोघं पुरुष होतात. तुमच्या मुलीनं आणि तिच्या मैत्रिणीनं रात्री अनोळखी दारावर थाप मारावी, असं तुम्हाला मनापासून वाटतं का? तिनं सगळे मुक्काम आधीच ठरवले, यात मला भित्रेपणा दिसत नाही. तिनं हिशेब केलाय. मुली हा हिशेब फार लहान वयापासून करतात आणि बहुतेक वेळा वडिलांना सांगत नाहीत. 1990 मध्ये तुमच्या बरोबरीच्या किती मुली अशा सॅक घेऊन निघाल्या होत्या? तुम्हाला बहीण असती तर तिला 26 दिवसांसाठी घरून सोडलं असतं का? ज्या फोनवर तुम्ही रागावलात, त्याच्यामुळे आज कितीतरी घरांतून ‘जा’ हा शब्द निघतो. तुमच्या घरातून निघाला त्यातही त्याचा वाटा असणार. बायकोला विचारून पाहा.

आता ते वाक्य. ‘दुसरं पत्र आम्ही परतल्यानंतर पोचलं.’ म्हणजे 26 दिवसांत तुमच्या आईला फार तर एक पत्र मिळालं. तुम्ही कुठं आहात, जेवलात का, गाडी धड आहे का, यातलं तिला काही माहीत नव्हतं.

माझा मोठा भाऊ 1984 साली असाच फिरायला गेला होता. तीन आठवडे. मी शाळेत होते. त्याच्या प्रवासाच्या गोष्टी आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झाल्यात की मला त्या गावांचा क्रम पाठ आहे. आईची गोष्ट मात्र आम्ही तीस वर्षांनी ऐकली, तीही सहज विषय निघाला म्हणून. पोस्टमन यायच्या वेळेला ती काहीतरी काम काढून फाटकापाशी उभी राहायची. पोस्टमन पुढं गेला की आत यायची आणि स्वयंपाकाला लागायची. एकवीस दिवस. तिनं भावाला हे कधी सांगितलं नव्हतं, कारण तो इतका आनंदात परत आला होता. हे ऐकल्यावर भाऊ बराच वेळ गप्प बसला. नंतर मला म्हणाला, त्या सगळ्या प्रवासात आपण एकटे होतो असं मी आजपर्यंत समजत होतो.

तुम्ही ज्या मोकळेपणाची आठवण काढता, तो खरा होता. पण त्याचा अर्धा भार घरी कुणीतरी उचलला होता. तेव्हा पर्याय नव्हता, म्हणून तुमच्याकडे दोष येत नाही. आज पर्याय आहे. अशा वेळी मुलीनं फोन घरी ठेवावा असं म्हणणं म्हणजे तो भार तिच्या आईवर टाकणं, आणि तेही तिला न विचारता. बायको धुसफुसते आहे ती बहुधा यासाठी. म्हणून फोनची अट मागं घ्या. आजच, आणि स्वतःच्या तोंडानं.

पण रात्रंदिवस दिसणारा तो ठिपकाही मला फारसा चांगला उपाय वाटत नाही. लोकेशन कसं पोचतं, हे मुलांना निरोप देणाऱ्या सगळ्याच घरांनी समजून घ्यावं. फोनमधलं जीपीएस फक्त ऐकतं. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संकेत पकडून फोन स्वतःची जागा ठरवतो. आपण कुठं आहोत हे त्या उपग्रहांना कळत नसतं. ती जागा घरी पोचते मोबाइल नेटवर्कवरून. घाटात, जंगलात, बोगद्यात रेंज गेली किंवा बॅटरी संपली की ठिपका जागच्या जागी थिजतो. मुलगी मजेत चालत असते आणि घरी आई रात्रभर थिजलेल्या ठिपक्याकडे बघत बसते. पत्राची वाट बघण्यापेक्षा हे सोपं असेल असं मला वाटत नाही.

त्याऐवजी तिघांनी बसून एक साधा करार करा. दर दोन किंवा तीन दिवसांनी ठरलेल्या वेळी एक निरोप, दोन शब्दांचा असला तरी चालेल. वेळ चुकली तर किती तास थांबायचं, हे आधीच ठरवा. बारा म्हणा, चोवीस म्हणा, पण आकडा हवा. त्यानंतर आधी मैत्रिणीला फोन, मग मुक्कामाच्या जागी, मग तिथल्या पोलिसांना, आणि परदेशात असतील तर आपल्या वकिलातीला. हे नंबर आणि मुक्कामांची यादी घरात कागदावर असू द्या, तिच्या पासपोर्टची आणि विम्याची प्रतही. गिर्यारोहक फोन नसतानाच्या काळापासून हेच करत आले आहेत: कुठल्या वाटेनं जातोय आणि कधीपर्यंत परतलो नाही तर शोधायला निघा, हे खाली सांगून वर जायचं. लोकेशन चालू ठेवायचं ते लांबच्या रात्रीच्या प्रवासात किंवा तिला स्वतःला गरज वाटेल तेव्हा. एक मात्र बजावून सांगा: आपण या क्षणी कुठं आहोत हे समाजमाध्यमांवर सगळ्या जगाला सांगू नये, तिथून निघाल्यावर फोटो टाकावेत. (रेंज नसलेल्या दुर्गम भागात जाणारे काही जण उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र नेतात. काही देशांत त्याला परवाना लागतो, तेव्हा नेण्याआधी चौकशी करा.)

तुमच्याकडे तिला देण्यासारखं पुष्कळ आहे. फोन काढून घेतलात तर त्यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचणार नाही. तिला हे शिकवा की फोन चोरीला गेला किंवा पाण्यात पडला तर काय करायचं. आजच्या मुलांना आईचा नंबरही पाठ नसतो. दोन नंबर तोंडपाठ करून घ्या, पाच नंबर कागदावर लिहून सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवा. पैसे तीन ठिकाणी विभागून ठेवायचे, हे तुम्हाला माहीत आहे. तिला ते कुणी सांगितलं असेलच असं नाही. नकाशे फोनवर आधीच उतरवून ठेवले की रेंजशिवाय चालतात. आणि कागदी नकाशा वाचायला एका संध्याकाळी शिकवा: उत्तर कुठं, प्रमाण किती, 1:250,000 च्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर, समोच्च रेषा दाट झाल्या की चढ अंगावर येणार. तुमचाच जुना नकाशा पसरा. तो दोघांच्या मध्ये असला म्हणजे बोलणंही सुरू होईल.

नकाशा शिकण्यात निव्वळ आठवणींचा सोस आहे असं तिला वाटलं, तर 2020 साली कॅनडातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास तिला सांगा. नेहमी गाडी चालवणाऱ्या 50 जणांची पाहणी होती. आयुष्यात जीपीएसवर जितकं जास्त विसंबलेलं, तितकी स्वतःच्या बुद्धीनं वाट काढतानाची स्मरणशक्ती कमी आढळली. फोन वळण सांगतो तेव्हा आपण वळतो, पण कुठून कुठं आलो हे मनात बसत नाही. यावर सोपी युक्ती आहे. निघण्याआधी पूर्ण वाट एकदा फोनवर बघायची, नदी डाव्या हाताला राहील, टेकडी ओलांडली की गाव, अशी मनात मांडायची आणि फोन खिशात घालायचा. चुकल्यासारखं वाटलं तर काढायचा. नकाशात उत्तर दिशा कायम वर राहील असं सेटिंगही करता येतं. चार दिवसांत त्या मुलखाची आकृती डोक्यात तयार होते.

राहिलं मागण्याचं. ते सक्तीनं येत नाही, पण त्याला जागा ठेवता येते. सहा आठवड्यांतले तीन दिवस बिनबुकिंगचे ठेवशील का, एवढंच तिला विचारा. सुरुवातीचे नकोत. चौथ्या-पाचव्या आठवड्यातले, जेव्हा त्या दोघी सरावलेल्या असतील आणि कुणाच्या डोळ्यांत काय आहे हे वाचायला शिकलेल्या असतील. कुठं जायचं हे वाटेत भेटलेल्या माणसांच्या सांगण्यावरून ठरवायचं, ते दिवसाउजेडी ठरवायचं आणि फोन जवळ ठेवून ठरवायचं. ती नाही म्हणाली तर तिथंच सोडा. रस्ता फोनमध्ये दिसत असतानाही कधीतरी एखाद्या आजीला विचार, असंही सांगून बघा. आजी रस्ता सांगता सांगता आणखी काय काय सांगेल, ते नकाशात नसतं.

आता तुम्ही आणि तुमचा मित्र. नॉस्टॅल्जिया हा शब्द 1688 साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं घडवला, ग्रीक भाषेतल्या घरी परतणं आणि वेदना या दोन शब्दांपासून. घरापासून दूर गेलेल्यांना जडणारा आजार, असा त्याचा अर्थ होता. तुमचं उलट झालंय. तुम्ही घरी आहात आणि तुम्हाला दूर असण्याची ओढ लागली आहे. म्हणून मागच्या वर्षी तुम्ही जुनाच रस्ता निवडलात, ती मला चूक वाटते. तो तुमच्या ओळखीचा होता. तिथं विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. प्रत्येक वळणावर तुम्ही आजच्या रस्त्याची आठवणीतल्या रस्त्याशी तुलना करत होतात, आणि त्यात आजचा रस्ता हरणारच.

दोघांपैकी कुणीही न पाहिलेला रस्ता घ्या. चार दिवस पुरेत. आदल्या रात्री नकाशावरून गावांची नावं क्रमानं चिठ्ठीवर लिहा आणि ती टाकीवर चिकटवा. दोघांचेही फोन बंद करून सॅकच्या तळाशी ठेवा, रात्री मुक्कामाला पोचलात की दहा मिनिटांसाठी काढा आणि घरी कळवा. घरच्यांशी केलेला करार तुम्हालाही लागू आहे. मित्राला हे निघण्याआधी स्पष्ट सांगा. मागच्या वर्षी तो मेसेज वाचत होता तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, असं पत्रावरून वाटतं. कदाचित त्यालाही काहीच वाटत नव्हतं आणि तेच तो तुमच्यापासून लपवत होता. फोटो 36 च काढायचे, असं हवं तर ठरवा.

आणि मुलगी निघण्याआधी एक संध्याकाळ आईकडे जाऊन बसा. त्या पत्रावर सगळे हसतात आणि तीही हसते, असं तुम्ही लिहिलंय. तिला विचारा, पहिलं पत्र आल्यानंतरचे ते दिवस तिनं कसे काढले. ती उडवून लावेल, ‘आता काय त्याचं’ म्हणेल. थोडं थांबा, पुन्हा विचारा. मुलीला बरोबर न्या, आणि डायरीही न्यायला सांगा. आजी एकेक दिवस आठवेल, तेव्हा त्या तारखेचं पान तिला काढता येईल.